भाऊंच्या बंगल्याचं जोतं

भाऊंनी आमच्या गल्लीसाठी काही केलं नाही, असं कोणी म्हटलं तर पहिली मीच भांडायला उभी राहीन. नळाला पाणी नव्हतं तेव्हा टँकर त्यांनी पाठवला. ड्रेनेजची लाइन त्यांनीच टाकून घेतली. माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, कुठल्याच हॉस्पिटलात खाट मिळेना, ती भाऊंच्या एका फोनवर मिळाली. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, तुमचं त्यांच्याशी काहीतरी जुनं वाकडं असणार. तसं काही नव्हतं. वाकडं आलं ते त्यांच्या बंगल्यावरून, आणि बंगल्याच्याही आधी एका भाषणावरून.

मी पिंपळे गुरवात घरांचे नकाशे काढते. माहेर लातूरकडचं, सिव्हिलचा डिप्लोमा तिकडेच केला. लग्न होऊन इकडे आले तेव्हा नवरा चाकणच्या एका कंपनीत लागला होता, अजून तिथेच आहे. घराच्या पुढच्या खोलीत मी टेबल टाकलं आणि कामं घ्यायला लागले. माझी गिऱ्हाइकं म्हणजे गुंठा-अर्धा गुंठा घेऊन घर बांधणारी माणसं. खाली स्वतः राहायचं, वर दोन मजले चढवून कंपनीतल्या पोरांना भाड्याने द्यायचे. आमची गल्ली नदीकडे उतरत जाते. सगळ्यात खालचं घर एका खानावळवालीचं. तिला सगळे वहिनी म्हणतात. तिचा नवरा कंपनीची बस चालवतो आणि ती तीन शिफ्टमधल्या पोरांना जेवू घालते. सोलापूरकडची बाई, हाताला चव आणि तोंडाला धार.

भाऊ म्हणजे आमचे नगरसेवक. निवडणुका लांबल्यामुळे तेव्हा नावापुढे ‘माजी’ लागलेलं होतं, पण ते फक्त कागदावर. मूळ गावातलं घराणं. आज जिथे सोसायट्यांचे टॉवर उभे आहेत तिथे त्यांच्या आजोबांचा ऊस होता.

ते भाषण झालं उन्हाळ्यात. महापालिकेने हवामानाचा एक आराखडा केला होता आणि तो लोकांना समजावून सांगायला आमच्या भागातल्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. एक तरुण अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवत होता. पूर्वी चार दिवसांत पडायचा तेवढा पाऊस आता काही तासांत पडतो, म्हणून नदीची पूररेषा वस्तीकडे आत सरकवावी लागेल, त्या रेषेखाली नवी बांधकामं नकोत, जुन्या घरांना सुरक्षित करायला मदत द्यावी, असं तो सांगत होता. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करणाऱ्यांना सक्तीची विश्रांती द्यावी, असंही त्यात होतं. बोलायला तो काही फार हुशार नव्हता. मधेमधे अडखळत होता, पण बोलत होता ते खरं होतं. मी रोज साइटवर फिरते, मला ते दिसत होतं.

मग भाऊ उठले. एरवी ऑफिसात भाऊ तुमच्या-आमच्यासारखंच बोलतात. माईक हातात आला की त्यांची भाषा गावाकडची होते.

“आमचा आजा याच नदीवर म्हशी धुवायचा,” ते म्हणाले. “तवा बी पूर यायचा, तवा बी ऊन पडायचं. तवा कुनी म्हनलं न्हाई हवामान बदललं म्हून. गोऱ्या लोकांनी शंभर वर्षं कोळसा जाळला, बंगले बांधले, आन आता आमाला सांगत्यात, तुमी चूल इझवा. ऊन लागतंय म्हून काम बंद ठेवायचं आसंल तर चाकणला कुलूप लावा. कंपन्या जात्यात मग दुसऱ्या राज्यात, आन पोरं बसत्यात पारावर.”

हॉलमध्ये टाळ्या वाजायला लागल्या होत्या. मग त्यांनी खरा हुकमी एक्का टाकला. ही पूररेषा म्हणजे तुमच्या घरावर मारलेली फुली आहे, म्हणाले. उद्या विकायला गेलात तर कोणी घेणार नाही, बँक दारात उभं करणार नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर एसीत बसून कोणीतरी हिशोब मांडला की पाऊस वाढणार. पाऊस काय यांच्या बापाचा नोकर आहे का, सांगून यायला?

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वहिनींचा नवरा वाजवत होता. तो अधिकारी पडद्याशेजारी वायर गुंडाळत उभा होता. टाळ्यांचा मला राग आला नाही, हेही सांगते. आयुष्यभराची कमाई एका घरात घातलेल्या माणसाला कोणी म्हणालं की तुझं घर रेषेखाली गेलं, तर तो रेषा खोटी आहे म्हणणाऱ्यालाच डोक्यावर घेणार. आमचंही घर त्या रेषेच्या काठावरच येत होतं. मला वाटलं, भाऊ चुकतायत, पण मनापासून चुकतायत. आजोबांच्या म्हशी पाहिलेला माणूस आहे, त्याला नदी तीच वाटत असेल. न पटणाऱ्या माणसाला पटवता येतं. शिकलेली आहेस तर कधीतरी निवांत बसून समजावून सांग, असं मी स्वतःला म्हटलं होतं.

घरी आल्यावर नवरा त्या दुपारच्या विश्रांतीबद्दल बोलला. तो भट्टीवर काम करतो, लोखंडाचे पार्ट तापवून थंड करण्याच्या खात्यात. पत्र्याची शेड, आत भट्टी. त्या उन्हाळ्यात त्यांच्या खात्यात माणसं चक्कर येऊन पडायला लागली, तेव्हा कंपनीने स्वतःहून ताक आणि जादा सुट्टी सुरू केली होती. बाहेर ट्रक भरणाऱ्या कंत्राटी पोरांना मात्र त्यातलं काही नव्हतं, कारण ती कंपनीची नव्हती, ठेकेदाराची होती. आणि ठेकेदार होता भाऊंचा चुलतभाऊ. नवरा हे सगळं कुरकुर न करता सांगत होता, आज बसला उशीर झाला हे सांगावं तसं. मीच भाकरी थापता थापता तापत होते.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर एका सकाळी भाऊंचा फोन आला, साइटवर या म्हणून. नदीकडेला त्यांचा एक मोकळा तुकडा राहिला होता, आमच्या गल्लीच्या थोडं वरच्या अंगाला. तिथे त्यांना स्वतःसाठी बंगला बांधायचा होता. मला आनंद झाला. गुंठेवारीची घरं काढून काढून हात दुखले होते, कधीतरी मोठं काम यावं असं वाटायचंच.

मी गेले तर तिथे ट्रकमागून ट्रक रिकामे होत होते. कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीचा राडारोडा आणून पूर्ण तुकडाभर पसरत होते. भाऊ पांढऱ्या बुटांनी त्या ढिगावर उभे होते. त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं, आणि त्यांना काय हवं ते त्यांना अगदी स्पष्ट माहीत होतं. आधी हा भराव. त्याच्यावर पुरुषभर उंच जोतं. खाली राहायला काहीच ठेवायचं नाही, नुसते कॉलम आणि गाड्या. जिना बाहेरून. विजेचे मीटर पहिल्या मजल्यावर, जनरेटर त्याच्याही वर. पाण्याच्या टाकीचं तोंड इतकं उंच की गढूळ पाणी आत जाता कामा नये. वर गच्चीला दुहेरी स्लॅब, मधे हवा खेळायला जागा, म्हणजे उन्हाळ्यात खोल्या तापणार नाहीत.

मी लिहून घेत होते. मधेच हात थांबला. विचारलं, “भाऊ, एवढी उंची कशासाठी? आत्ताच्या पूररेषेच्या तर तुम्ही वरच आहात.”

“आत्ताच्या,” भाऊ म्हणाले. भाषा ऑफिसातली, साधी. “पाणी आता वाढतच जाणार, ताई. पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, वरची धरणं पटकन भरतात. नातवंडं राहणार या घरात. पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करून बांधायला पाहिजे.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, “पण हॉलमध्ये तर तुम्ही म्हणाला होतात, काहीच बदललेलं नाही.”

ते हसले. चिडले नाहीत, ओशाळलेही नाहीत. लहान मुलाने काहीतरी भोळं विचारलं की आपण हसतो, तसं हसले.

“ते भाषण होतं, ताई. हे घर आहे.”

त्यानंतर ते बाथरूमच्या टाइल्सबद्दल बोलायला लागले. मी मान हलवत होते, पण काही ऐकू येत नव्हतं. तिथून आमची गल्ली दिसत होती. खाली शेवटी वहिनींच्या खानावळीचा निळा पत्रा. भाऊंच्या भरावामुळे नदीची ती बाजू आवळली जाणार, हे समजायला डिप्लोमा लागत नाही. बादलीत वीट टाकली की पाणी कडेने वर येतं. ते वर येणार होतं आमच्या बाजूने.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की काम घे. तू नाही काढलंस तर दुसरा कोणी काढेल, बंगला थांबणार नाही. अण्णांच्या खाटेसाठी त्या माणसाने फोन केला होता, ते विसरू नको. अण्णा म्हणजे माझे सासरे. ते आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होते, बोलता येत नव्हतं. नवरा चूक बोलत नव्हता. पण मला त्या कामाला हात लावणं शक्य नव्हतं. एखाद्याला खरंच वाटत असतं की पाणी वाढणार नाही, आणि त्याने नदीकाठी सपाट जमिनीवर घर बांधलं असतं, तर मी त्याला शंभरदा समजावलं असतं आणि शेवटी त्याच्या घराचा नकाशा काढलाही असता. या माणसाला समजवायचं काय? त्याला माझ्याइतकंच कळत होतं. फक्त ते त्याने स्वतःच्या घरापुरतं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, भाऊ, मी तुमचं काम आनंदाने करते, एकच करा. जे मला साइटवर सांगितलंत ते गल्लीतल्या लोकांना सांगा. रेषेला विरोध करायचा तर करा, पण निदान मीटर वर घ्या, ओटे उंच करा एवढं तरी सांगा. तुमचं ऐकतात ते.

भाऊंनी चहा मागवला. मग शांतपणे मला म्हणाले की लोकांना असलं काही सांगून चालत नाही. एकदा का मी म्हणालो पाणी येणार, की ते विचारणार, मग तुम्ही काय करणार? भिंत कुठे, मदत कुठे, आमची घरं नियमित करताना तुम्हाला कळलं नव्हतं का? आणि या पट्ट्यात अजून किती स्कीम व्हायच्या आहेत, किती जणांचे पैसे अडकलेत. सगळ्यांचं दुकान बंद होईल. तुम्ही नकाशे काढता, ताई, तुमचंही.

मी चहा न पिता उठले. बंगल्याचं काम त्यांनी दुसऱ्या एका ऑफिसला दिलं, आणि माझ्याकडे येणारी त्यांच्या माणसांची लहानसहान कामं हळूहळू थांबली. कोणी धमकावलं वगैरे नाही. फक्त यायची ती माणसं येईनाशी झाली.

बंगल्याचे कॉलम उभे राहिले तेव्हा आराखड्यावर पुन्हा एकदा सुनावणी लागली. त्याच हॉलमध्ये. या वेळी मी उठले. गुपित फोडलं असं कोणी समजू नये. ते जोतं तोवर रस्त्यावरून जाणाऱ्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं. मी एवढंच विचारलं की भाऊ, काहीच बदललेलं नसेल तर तुमच्या बंगल्याचं जोतं एवढं उंच का? आणि तेवढी उंची तुम्हाला लागते, तर खाली राहणाऱ्यांना का लागत नाही?

मला वाटलं, आता उत्तर द्यावं लागेल.

भाऊंनी माईक घेतला. “आमच्या ताई हुशार हायेत,” ते म्हणाले. “पन माहेर पडलं दुष्काळी भागात. तिकडं प्यायला पानी न्हाई, म्हून हितं नदी दिसली की त्यांस्नी भ्याव वाटतं.”

लोक हसले. नुसते हसले नाहीत, खो खो हसले. ज्यांच्या जिन्याच्या पायऱ्या मी आखून दिल्या होत्या, ज्यांच्या देवघराची जागा बदलून देण्यासाठी मी नकाशा तीनतीनदा काढला होता, ती माणसं मागे वळून माझ्याकडे बघत हसत होती. मी इथे येऊन निम्म्याहून जास्त आयुष्य घालवलं होतं आणि एका वाक्यात मला उचलून परत लातूरला नेऊन ठेवलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी मागितलं नाही. पूररेषेचा भाग अधिक अभ्यासासाठी बाजूला ठेवावा, असं ठरलं आणि सभा संपली. तो तरुण अधिकारी बाहेर पडताना मला नमस्कार करून गेला. पुढे त्याची बदली झाल्याचं कळलं.

पुढच्या पावसाळ्यात पूर आला.

आमच्याकडे आधी नदी आली नाही. आधी ड्रेनेजची झाकणं उचलली गेली. सकाळी मी दार उघडलं तर गल्लीच्या मधोमध चेंबरमधून काळं पाणी उसळत होतं. धरणातून विसर्ग वाढवल्याचे मेसेज आदल्या दिवसापासून मोबाईलवर येत होते, पण दर पावसाळ्यात येतात म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते. नवरा फर्स्ट शिफ्टला गेलेला. मी खाली वहिनींकडे पळाले. त्या पदर खोचून तांदळाची पोती ओढत होत्या. आम्ही दोघींनी आणि खोलीवरच्या पोरांनी मिळून डाळी, पीठ, तेलाचे डबे आमच्या वरच्या मजल्यावर चढवले. फ्रीज राहिला, पीठ मळायचं यंत्र राहिलं. सिलिंडर भिंतीला आपटत तरंगत होते आणि कोणी आत जाऊ नका म्हणून मी ओरडत होते, कारण मीटर गुडघ्याएवढ्या उंचीवर होता आणि वीज अजून चालू होती. तेवढ्यात नदी खालून गल्लीत शिरली. ती मात्र शांतपणे आली, पायरी पायरी चढत. अण्णांना दोन पोरांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं.

दुपारी आम्ही सगळे गच्चीवर होतो. तिथून भाऊंचा बंगला दिसत होता. बांधकाम जवळजवळ पुरं झालं होतं, रंग तेवढा बाकी होता. पाणी जोत्याला वळसा घालून जात होतं, वर सगळं कोरडं. वॉचमन पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभा राहून फोनवर आमच्या गल्लीचा व्हिडिओ काढत होता. मी जन्मात कधी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. त्या दिवशी दिल्या, आणि वहिनींनी त्यात भर घातली.

पाणी उतरल्यावर गल्लीत घोट्याएवढा चिखल आणि असा वास की डोळे चुरचुरावेत. भाऊ गमबूट घालून आले. मागे टेम्पो, टेम्पोत शिध्याची पाकिटं, पाकिटांवर त्यांचा फोटो. कॅमेरावाला पोरगाही होता. वहिनींच्या दाराशी उभं राहून ते कॅमेऱ्यात बोलले. धरणवाल्यांनी न सांगता पाणी सोडलं, म्हणाले. आणि मग मान हलवत, “निसर्गापुढं कुनाचं चालतं?”

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. पुराच्या आधी म्हणे काही बदललेलंच नव्हतं, म्हणून काही करायची गरज नव्हती. पुरानंतर म्हणे निसर्गच तो, म्हणून काही करता येण्यासारखं नव्हतं. म्हणजे करायची वेळ आली कधी आणि गेली कधी? ती त्यांनी फक्त स्वतःला सांगितली होती, राडारोड्याच्या ढिगावर उभं राहून.

मी पुढे गेले. हातात चिखलाचा खराटा तसाच होता. म्हटलं, “भाऊ, तुम्हाला माहीत होतं.”

त्यांनी कॅमेरावाल्याला हाताने थांबवलं. चेहऱ्यावर खरंच दुःख होतं, तेच मला सगळ्यात जास्त लागलं. हळू आवाजात म्हणाले, “ताई, लोक अडचणीत आहेत. आत्ता राजकारण नको.”

आणि माझ्या बाजूने जाऊन त्यांनी वहिनींच्या हातात पाकीट दिलं. वहिनी कॅमेऱ्याकडे बघून हसल्या.

त्या हसण्याचा मला इतका राग आला की संध्याकाळी मी वहिनींना बोलले. तुम्ही कशाला हसलात, म्हटलं, तुमचं सगळं वाहून गेलं आणि तुम्ही त्या माणसाबरोबर फोटो काढता. वहिनी भिंतीवरचा गाळ खरवडत होत्या. त्यांनी खरवडणं थांबवलं नाही.

“ताई, मला तांदूळ पायजे होता म्हणून हसले,” त्या म्हणाल्या. “तुमचा राग खराय. पण उद्या माझ्या दारात पोरं ताट घेऊन बसणार, त्यांना राग वाढू का?”

मीही खराटा घेतला आणि दुसरी भिंत धरली. बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारलं, ओटा किती उंच घ्यायला पाहिजे सांगा.

तिथून काम सुरू झालं. गल्लीतल्या घरांत मी फिरले. ज्यांना पाहिजे त्यांना आखून दिलं. विजेची बटणं आणि मीटर खांद्याच्या वर, स्वयंपाकघरात सामान चढवायला भक्कम पोटमाळा, ड्रेनेजच्या तोंडाशी उलटं पाणी येऊ न देणारी झडप. नवऱ्याच्या खात्यातल्या दोघांनी सुट्टीच्या दिवशी येऊन लोखंडी घोडे जोडून दिले, फ्रीज-कपाटं त्यांच्यावर ठेवायला. हॉलमध्ये हसलेली माणसंही आली. कोणी माफी मागितली नाही, मीही काढली नाही गोष्ट. पण हे सगळं करताना मला समाधान वाटलं, असं म्हणणार नाही. पोटमाळ्यावर तांदूळ चढवता येतो, गल्ली चढवता येत नाही. ते काम ज्यांचं होतं त्यांनी केलं नव्हतं आणि आम्ही त्यांच्या वाटणीची लाज आमच्या घरात झडपा बसवून झाकत होतो.

मार्गशीर्षात भाऊंच्या बंगल्याची वास्तुशांत झाली. सगळ्या गल्लीला आमंत्रण. स्वयंपाकाचं काम वहिनींना मिळालं आणि त्यांनी ते घेतलं, का घेऊ नये? मी गेले नाही. नवरा गेला, अण्णांसाठी त्या माणसाने केलेलं तो विसरणाऱ्यांतला नाही.

तासाभरात परत आला. मी विचारलं, एवढ्यात जेवण झालं? तो खुर्चीवर बसला आणि सांगायला लागला. पंगतीत त्याच्या शेजारी बाहेरगावचे कोणी पाहुणे होते. त्यांनी सहज विचारलं, भाऊ, घर छान आहे, पण एवढं उंच का बांधलं? भाऊ वाढायला आले होते, हातात जिलबीचं ताट. ते म्हणाले, वास्तुशास्त्रवाल्याने सांगितलं, या जागेवर जोतं उंच असेल तर बरकत येते.

“गल्लीतली सगळी माणसं तिथेच बसली होती,” नवरा म्हणाला. “एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही. माझ्याही नाही.”

मग म्हणाला की ताट तसंच ठेवून आलो. माझा नवरा अन्न टाकणारा माणूस नाही. आईने वाढलेलं खारट झालं तरी पानात कण ठेवत नाही. मी त्याला भात लावून दिला आणि त्याने ताट पुसून खाल्लं.

आता निवडणुका होऊन गेल्या, भाऊंच्या नावापुढचा ‘माजी’ गेला. मला गल्लीतले लोक म्हणतात, ताई, एवढं मनाला कशाला लावून घेता, सगळे राजकारणी तसलेच. मी त्यांना सांगते, मला अडाण्याचा राग येत नाही. ज्याला खरंच पटत नाही त्याचाही येत नाही, त्याच्याशी मी वाद घालीन. मला राग येतो तो पटलेल्याचा. ज्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं, जोतं बांधून घेतलं, आणि जोत्यावर उभं राहून खालच्यांना सांगितलं की घाबरू नका, काही येत नाही.

पूररेषेचा अभ्यास करायला एक समिती नेमली आहे. भाऊ त्या समितीवर आहेत. तिची बैठक अजून झालेली नाही. मी महापालिकेत जाऊन तारीख विचारते. तिथला बाबू मला आता ओळखतो, मी दारात दिसले की आधीच मान हलवतो. गेल्या खेपेला वहिनी माझ्याबरोबर आल्या होत्या, दुपारचा स्वयंपाक उरकून. बाबूने मान हलवल्यावर मी वळायला लागले, तर त्या समोरच्या बाकड्यावर बसल्या आणि त्याला म्हणाल्या, साहेब, संध्याकाळपर्यंत वेळ आहे मला, विचारून या वर.

तो उठला आणि वर गेला.